प्राथमिक स्तरावरील इतिहासासाठी साधनांची निवड : भोर व वेल्हे परिसराच्या संदर्भात

प्राथमिक इयत्तांतील मुलांसाठी इतिहासाची साधने निवडताना ती रंजक असावीत आणि खरी असावीत, अशी दुहेरी अपेक्षा असते. व्यवहारात रंजकतेचे पारडे जड होते आणि खरेपणाचा प्रश्न वरच्या वर्गांवर सोपविला जातो. रंजकता आणि पुरावा हे परस्परविरोधी आहेत, हे त्यामागील गृहीतक तपासून पाहण्यास भोर आणि वेल्हे (२०२४ मध्ये शासनाने ‘राजगड’ असे नामांतर केलेला तालुका) यांसारखा दुसरा परिसर क्वचितच सापडेल. येथील मुलाच्या अंगणातून तोरणा, राजगड किंवा रोहिडा दिसतो. गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे, हिरडस मावळ ही नावे त्याच्या दृष्टीने पुस्तकातील नसून नात्यागोत्यातील आहेत.

शिवछत्रपतींचे चरित्र हा इयत्ता चौथीच्या इतिहासाचा विषय कित्येक पिढ्या राहिला आहे. बालभारतीने तिसरीसाठी जिल्हानिहाय परिसर अभ्यासाची पुस्तकेही काढली. तथापि, संपूर्ण राज्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाने गडचिरोलीच्या आणि वेल्ह्याच्या मुलाशी एकाच भाषेत बोलावे, हे क्रमप्राप्तच आहे. त्यापुढील निवड शिक्षकाने, आणि घरी शिकविणाऱ्या पालकाने, करावयाची असते. त्यासाठी एक कसोटी उपयुक्त ठरते : ‘हे कशावरून?’ असे विचारण्यास हे साधन मुलाला वाव देते काय?

या कसोटीस उतरणारे उत्कृष्ट उदाहरण भोर तालुक्यातच आहे. एकेकाळी शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मध्ये झाला असे सर्वत्र मानले जात असे. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली घटनांची जुनी टिपणे, म्हणजेच ‘जेधे शकावली’, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी होती. हाच दिवस १९ फेब्रुवारी १६३० असा मोजला जातो. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातूनही तिला दुजोरा मिळाला आणि राज्य शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. तिथी की तारीख हा वाद अद्याप चालू असला, तरी तो मोठ्यांचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला यातील गोष्ट सहज कळते. आपण दरवर्षी ज्या दिवशी मिरवणूक काढतो, तो दिवस शेजारच्या गावातील एका घराने कागद सांभाळून ठेवल्यामुळे कळला. एखाद्या गुप्तहेरकथेइतकेच कुतूहल या हकीकतीत आहे. शिवाय ती ऐकलेले मूल घरातील जुन्या पेटीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते.

रायरेश्वराची गोष्ट अधिक नाजूक आहे. भोर तालुक्यातील या पठारावरील शिवालयात १६४५ मध्ये मावळ्यांनी स्वराज्याची शपथ घेतली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. तिच्या समर्थनार्थ दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना लिहिलेले म्हणून जे पत्र दाखविले जाते, त्याच्या अस्सलतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. म्हणून ही कथा वगळावी काय? मुळीच नाही. ‘लोक असे सांगत आले आहेत’ आणि ‘त्या काळच्या कागदात असे लिहिले आहे’ ही दोन वाक्ये वेगळी आहेत, एवढे शिक्षकाने उच्चारले म्हणजे पुरे. भक्तीला बाध येईल ही भीती अनाठायी आहे. आजीच्या गोष्टीत आणि शाळेच्या दाखल्यात फरक असतो, हे मुलांना आधीच ठाऊक असते.

कादंबरी व चित्रपट यांबाबत मात्र अधिक सावधगिरी हवी. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीच्या प्रभावामुळे तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, अशी समजूत दृढ झाली. प्रत्यक्षात ‘सिंहगड’ हे नाव १६७० च्या पूर्वीच्या पत्रांतही आढळते. अशी पुस्तके मुलांना अवश्य वाचून दाखवावीत, परंतु ती कथा म्हणून. भोरचा राजवाडा अनेक मुलांना चित्रीकरणाचे स्थळ म्हणूनच माहीत असतो. तो पंतसचिवांचा वाडा होता आणि भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत येथून कारभार चाले, हे त्याच दारात उभे राहून सांगता येते.

राजगड स्वराज्याची सुमारे पाव शतक राजधानी होता. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांतही तो आहे. मात्र बालेकिल्ल्याची चढण लहान मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे. त्याऐवजी दिवाळीतील मातीचा किल्ला हे हाताशी असलेले साधन विचारपूर्वक वापरावे. एरवी मुले मनात येईल तसा डोंगर रचून त्यावर हळीव पेरतात. त्याऐवजी राजगडच करावयाचा ठरविला, तर पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या कोणत्या दिशांना आहेत, पाणी कोठे साठविले होते, शत्रू कोणत्या बाजूने येईल, हे प्रश्न आपोआप उद्भवतात. पायथ्याशी मेटे ठेवण्यास विसरू नये. गडाच्या घेऱ्यात पहारा करणाऱ्या रामोशी, महार, कोळी यांच्यावाचून गड राखला जात नव्हता आणि वर्गातील काही मुले त्यांचीच वंशज असतात. चिखलात सिंहासनाबरोबर पहारेकऱ्याची झोपडीही उभी राहिली, म्हणजे त्या मुलांना इतिहासात स्वतःची जागा दिसते.

पाठ्यपुस्तकात क्वचितच येणारा आणखी एक इतिहास या खोऱ्यांत आहे. तो धरणांचा. भाटघरचे धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटल्याचे पुण्याच्या स्मृतीत घट्ट बसले आहे. पण ते बांधताना कोणाच्या जमिनी गेल्या, हे तितके आठवले जात नाही. वरसगावच्या जलाशयास वीर बाजी पासलकर यांचे नाव आहे आणि त्यांच्याच मोसे खोऱ्यातील जमीन त्या पाण्याखाली आहे. या विषयाचे साधन म्हणजे घरातील वृद्ध. जुने घर कोठे होते, उठताना बरोबर काय नेले, देव कोठे बसविला, असे चार-पाच प्रश्न मुलाने वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरे सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरून घ्यावीत. दोन आजोबांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही तशीच ठेवावीत.

भाटघरच्या पाण्यात बुडालेले वेळवंडी खोऱ्यातील कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर, काही आठवडे उघडे पडते. त्या दिवसांत शाळांना सुटी असते. मुलाला तेथे नेऊन दगडावरील पाण्याची रेघ दाखविण्याचे काम त्यामुळे घरच्यांकडेच येते.