आमच्या घरी तुळस टिकत नाही!

आषाढी एकादशी झाली, श्रावण तोंडावर आला. आता मंगळागौर, हरितालिका, गणपती, एकामागून एक सण येतील. पत्री लागेल, दूर्वा लागतील, तुळशीची पानं आणि मंजिऱ्या लागतील. दरवर्षी याच दिवसांत आमच्या बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी हळूच म्हणतं, "काय करू गं, आमच्या घरी तुळस टिकतच नाही."

हळूच का म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. गुलाब वाळला तर आपण म्हणतो, गुलाब वाळला. तुळस वाळली की म्हणतात, घरात काहीतरी कमी आहे. आणि ते काहीतरी शोधता शोधता बोट शेवटी घरातल्या बाईकडे वळतं. तिचा हात जड आहे, तिनं शिवाशिव पाळली नाही, तिची भक्ती खरी नाही. म्हणून आज आम्ही तुळशीबद्दल बोलणार आहोत. तुळस का वाळते, ती जगवायची कशी आणि झाडं लावायचा हात नसेल तर देवाच्या झाडांची सेवा करायची कशी.

आधी आमच्यातल्याच एकीची गोष्ट सांगतो. तिला विचारूनच सांगतोय. लग्न होऊन ती या गावात आली. दारात सिमेंटचं छान वृंदावन. पहिल्या वर्षी तुळस वाळली, दुसरी आणली, तीही वाळली. तिसरी वाळली त्याच महिन्यात सासरे आजारी पडले. मग काय, शेजारपाजार बोलायला मोकळा झाला. सासूबाई काही वाईट बोलल्या नाहीत, पण गप्प झाल्या. त्या गप्प बसण्यानं हिनं संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावणंच सोडलं. म्हणायची, "माझ्या हातानं नको."

एकदा गटाची बैठक तिच्या घरी होती. आमच्यातली एकजण रोपवाटिकेत कामाला जाते. तिनं सहज वृंदावनातल्या मातीत बोट घातलं. आत नुसता चिखल, त्याला कुबट वास. खाली वाकून पाहिलं, तर पाणी जायचं भोकच बंद! अंगणात फरशी घातली तेव्हा गवंड्यानं सिमेंटनं बुजवलं होतं. म्हणजे तीन तुळशी वाळल्या नव्हत्या, बुडून मेल्या होत्या. सासूबाई बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं सूनबाई, तू एक तांब्या घालायचीस आणि तुझ्या मागनं मी एक घालायचे." छिन्नीनं भोक मोकळं केलं, माती बदलली. चौथी तुळस आता दोन वर्षांची आहे. दिवा पुन्हा लागतो.

मैत्रिणींनो, यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. तुळस बहुतेक वेळा आपल्या दुर्लक्षानं मरत नाही, आपल्या पूजेनं मरते. ऐकायला कडू आहे, पण पुढचं ऐका.

रोजच्या पूजेत आपण काय काय करतो ते बघा. सकाळी तांब्याभर पाणी घालतो, पाऊस असला तरी. एकादशीला दूध घालतो. हळद-कुंकू मातीवर आणि खोडावर वाहतो. उदबत्ती मातीत खोचतो. दिवा अगदी खोडाला चिकटून ठेवतो. तुळशीच्या लग्नाला झाडाला साडी नेसवतो आणि ती आठ-आठ दिवस काढत नाही. यातली एकेक गोष्ट श्रद्धेनं केलेली असते, पण झाडाला ती सोसत नाही.

तुळशीच्या मुळांना ओलाव्याबरोबर हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वरची पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो. दुधानं मातीवर बुरशी येते, साखर घातली तर मुंग्या येतात. बाजारच्या कुंकवात रंग असतो, तो मातीत मुरतो. दिव्याच्या धगीनं कोवळे शेंडे करपतात.

मग पूजा सोडायची का? मुळीच नाही. फक्त थोडी सरकवायची. आम्ही गटात असं ठरवलं आहे. रोज पाणी वाहायचं ते पळीनं. पळीभर पाण्यानं नेमही मोडत नाही आणि मुळंही कुजत नाहीत. पोटभर पाणी द्यायचं ते बोट सांगेल तेव्हा. बोटाचं एक पेर मातीत घाला. माती कोरडी लागली तर खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत घाला. ओली लागली तर पळीवर थांबा. भर उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी लागेल, पावसाळ्यात आठ-आठ दिवस लागणार नाही. दुधाचा नैवेद्य वाटीत दाखवा आणि घरातल्या मुलांना द्या. हळद-कुंकू वृंदावनाच्या कठड्याला किंवा कुंडीला लावा. उदबत्तीला वेगळं घर ठेवा. दिवा हातभर लांब ठेवा, उजेड तिथूनही पोचतो. लग्नाची साडी दुसऱ्या दिवशी उतरवा.

आता ऊन. तुळशीला रोज चार ते सहा तास थेट ऊन हवं. आपल्या जुन्या घरांत वृंदावन अंगणाच्या मधोमध असायचं, तिथं ऊन आपोआप मिळायचं. फ्लॅटमध्ये आपण ती देवघराशेजारी नाहीतर जिन्याच्या कोपऱ्यात ठेवतो. तिथं ती उजेडाकडे वाकत लांबच लांब, किडकिडीत होते आणि पानं गाळते. खिडकीत किंवा गॅलरीत जिथं ऊन येतं तिथं तिला ठेवा. दिशा कोणती हे शास्त्र विचारून ठरवण्याआधी ऊन कुठं पडतं ते दिवसभर बघा.

माती आणि कुंडी. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. नुसत्या काळ्या मातीत तुळस लावू नका. दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं वाळू असं मिसळा. ताजं शेण घालू नका, त्याच्या उष्णतेनं मुळं भाजतात. कुंडी आठ-दहा इंचाची पुरते. तळाला भोक हवंच, त्यावर खापरीचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही.

मंजिऱ्यांचं मात्र अनेकींना माहीत नसतं. तुळशीला मंजिरी आली की आपल्याला आनंद होतो, आपण ती तशीच ठेवतो. पण मंजिरी म्हणजे तुळशीची फुलं. त्यात बी धरलं की झाडाची सगळी ताकद बियांकडे जाते, नवी पानं कमी येतात आणि झाड लवकर म्हातारं होतं. म्हणून मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा. विठ्ठलाला मंजिरी प्रिय आहेच, तिथं वाहा. म्हणजे देवाची पूजा आणि झाडाची छाटणी एकाच वेळी होते. खुडलेल्या जागी दोन नवे फुटवे येतात, झाड गोल आणि दाट होतं. एखादी मंजिरी तेवढी बियांसाठी तपकिरी होईपर्यंत ठेवा.

पानांच्या मागे पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जास्त पसरलेली फांदी काढून टाका, बाकीचं झाड पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा.

आणि थंडी. मार्गशीर्ष-पौषात तुळस पानं गाळते, काळवंडते. घाबरून उपटू नका. नखानं खोड जरासं खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. पाणी कमी करा, उन्हात ठेवा. ऊन तापू लागलं की पुष्कळदा खालून फुटते.

आता एक नाजूक गोष्ट. पाळीच्या चार दिवसांत बाईनं हात लावला किंवा तिची सावली पडली की तुळस करपते, असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. आम्हीही ऐकलं आहे, आमच्यातल्या काहीजणी अजूनही ते चार दिवस लांब राहतात. ज्यांना तो नेम पाळायचा त्यांनी पाळावा, आमचं भांडण नाही. पण झाड करपतं म्हणून पाळत असाल तर थोडा विचार करा. रोपवाटिकेत रोपं कोण भरतं? भाताची लावणी कोण करतं? मिरची-वांग्याची रोपं कुणाच्या हातची असतात? बायकांच्याच. महिन्याचे तीसही दिवस. ती रोपं करपली असती तर आपल्या ताटात काय आलं असतं? उलट भर उन्हाळ्यात चार दिवस कुणीच पाणी घातलं नाही तर कुंडीतली तुळस नक्की करपेल, आणि दोष पुन्हा त्याच बाईला. तुम्ही लांब राहत असाल तर तेवढे दिवस पाणी कोण बघणार, हे घरात आधी ठरवा. मुलगा बघू दे, नवरा बघू दे. झाड दोघांचंही आहे.

एवढं करूनही ज्यांना वाटतं की आपल्याला झाडांचं जमत नाही, त्यांनी तुळशीपासून सुरुवातच करू नये. आधी हात बसू द्यावा. पसरट टोपल्यात किंवा जुन्या घमेल्यात दूर्वा लावा. घमेल्याला चार भोकं पाडा, पेरं असलेल्या दूर्वा मातीत दाबा, उन्हात ठेवा. आठवड्याला कात्रीनं कापा. जितक्या कापाल तितक्या त्या दाटतात. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी घरचीच होईल. ओव्याच्या पानाची काडी खोचली तरी लागते, तिची भजी मुलं आवडीनं खातात. पानफुटीचं पान मातीवर नुसतं ठेवलं तरी त्याच्या कडेला रोपं येतात. गवती चहाचा एक ठोंब वर्षभर चहाला पुरतो. ही झाडं चुका पोटात घालतात. त्यांच्यावर शिकायचं आणि मग तुळशीकडे वळायचं.

आघाडा आणि माका तर लावावेही लागत नाहीत, पावसात बांधावर आपोआप येतात. मंगळागौरीची सोळा प्रकारची आणि गणपतीची एकवीस प्रकारची पत्री म्हणजे आपल्या आज्यांची पाठशाळाच होती. पत्रीला जायचं म्हणजे झाड नावानं ओळखायचं. मुलींना बरोबर न्या, नावं सांगा. ओरबाडू मात्र नका. एका झाडाची दोन-चार पानं घ्या, झाड उपटू नका. आणि हे लक्षात ठेवा की पत्रीतली सगळी झाडं औषधी असली तरी सगळी पोटात घ्यायची नसतात. धोतरा, कण्हेर, रुई ही विषारी आहेत. ती खायच्या पाल्याजवळ ठेवू नका. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पत्री निवडून झाली की हात साबणानं धुवा, लहान मुलांचेही धुवा.

शेवटी, वाळलेल्या तुळशीबद्दल. तुळस वडा-पिंपळासारखी शंभर वर्षं जगणारी नव्हे. दोन-तीन वर्षांत तिचं खोड लाकडासारखं होतं, पानं विरळ होतात. तिचं आयुष्यच तेवढं आहे. जन्मली ती जाणार, त्यात अपशकुन कसला? आणि वारकऱ्याच्या गळ्यातली माळ कशाची असते? तुळशीच्या वाळलेल्या लाकडाची. वाळलेली तुळस अशुभ असती, तर तिचे मणी ओवून आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात घातले असते का? तेव्हा वाळलेलं झाड कचऱ्यात टाकू नका, नदीतही सोडू नका. मोडून झाडाच्या बुडाशी मातीत पुरा. तिची माती होईल, त्या मातीत पुढची तुळस लागेल.

पुढची तुळस मात्र आधीच तयार हवी, आणि त्याला हेच दिवस चांगले. मंजिरी न आलेली एक वीतभर फांदी कापा, खालची पानं काढा, पेलाभर पाण्यात ठेवा, एक दिवसाआड पाणी बदला. पंधरा दिवसांच्या आतबाहेर पांढरी मुळं दिसतील. मग कुंडीत लावा, चार दिवस सावलीत ठेवून हळूहळू उन्हात न्या. एकदम दोन-तीन काड्या ठेवा, एखादी दगावते. घरी तुळस नसेल तर शेजारणीकडून मागा. आणि जिच्या घरी तुळस टिकत नाही असं गावात बोललं जातं, तिच्या दारी एक काडी आपण होऊन घेऊन जा. जाताना तिच्या वृंदावनाचं भोक तेवढं बघून या.

आज काडी पाण्यात ठेवली, तर कार्तिकात तुळशीच्या लग्नाला नवरी तुमच्याच घरची असेल. बोट मातीत घालून मगच पाणी घालायचं, एवढं लक्षात ठेवा.