खिशातली ऑफिसची टपालपेटी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून सासुरवाडीला आलेले चाळिशीचे एक गृहस्थ डोके जड वाटते म्हणून दवाखान्यात आले. पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब पाहिला, १५८/९८. पट्टा बांधला होता तरी दुसऱ्या हातातला मोबाइल सुटत नव्हता. तो बाजूला ठेवायला लावून पुन्हा मोजला, १५२/९६. "डॉक्टर, रात्री दोनला यांचा फोन वाजला की हे उठून बसतात. परदेशातल्या ऑफिसची मेल असते," सौभाग्यवती म्हणाल्या. सासऱ्यांना पन्नाशीत अर्धांगवायू झाला होता, हेही त्यांनीच सांगितले.

पूर्वी रजेवर गेलेल्या माणसाचे टपाल त्याच्या टेबलावर साठत असे. आता ऑफिसची सगळी मेल मोबाइलवर दिसते. पण ती मोबाइलमध्ये राहत नाही. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ऑफिसचा संगणक व आपला मोबाइल दोघेही त्याच पेटीत डोकावतात. म्हणजे रात्री दोनला न वाचलेली मेल सकाळी नऊलाही तिथेच असते. आमच्या गृहस्थांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते, संगणकाचाच माणूस! तरी ते उठत होते.

झोपेत रक्तदाब साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढाच विसावा. झोप वारंवार मोडली की तो विसावा कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. अंथरुणात पडून दिलेली उत्तरेही कामाच्या तासांतच धरा. अर्थात सगळा दोष मेलचा नाही. आनुवंशिकता, मीठ, वजन, तंबाखू हेही पाहावे लागते.

मोबाइल फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. ऑफिसच्या मेलची सूचना तेवढी बंद करा. मेल आपण उघडू तेव्हाच दिसावी. रजेवर असाल तर दिवसातून एकदा, ठरल्या वेळी पाहा. 'रजेवर आहे, अमक्याशी संपर्क साधा' असे आपोआप उत्तर जाण्याची सोयही असते. ज्याचे खरेच अडले आहे तो फोन करतोच. हे मी अनुभवाने सांगतो, बाळंतपणाचा निरोप मला कधी मेलने आलेला नाही.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते.

गृहस्थांना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी रक्तदाब मोजून लिहायला सांगितले. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी शोधत न बसता तडक मोठे रुग्णालय गाठा, असे सौभाग्यवतींना बजावले. आठ दिवसांनी आकडे कळले. सरासरी १४४/९२. गोळी सुरू करावी लागलीच. फोन मात्र आता बैठकीच्या खोलीत झोपतो म्हणे.