मारधाडपटाची लाज कशाला?

गेल्या आठवड्यात हाँगकाँगच्या मोठ्या स्टुडिओंचा पसारा पाहिला. आज त्या पसाऱ्याबाहेर, हाताशी थोडेच पैसे असताना निघालेल्या कुंग-फूपटांबद्दल. हे सिनेमे आवडतात असं सांगताना भलेभले प्रेक्षक आवाज खाली आणतात आणि 'डोकं घरी ठेवून बघायचे' अशी पुस्ती जोडतात. त्यांच्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. गोष्ट बहुधा एकच: गुरूचा खून, शिष्याची तालीम, शेवटी सूड. आवाज नंतर भरलेला, त्यामुळे इंग्रजी डबिंगमध्ये ओठ मिटले तरी वाक्य चालूच राहतं. चिकटवलेली दाढी तर पोरसुद्धा ओळखतं. तरीही माझं म्हणणं असं की हा आनंद चोरटा नाही. आपण माप चुकीचं लावतो म्हणून तो तसा वाटतो. संगीत नाटकात पद सुरू झालं की कथा थांबायची आणि प्रेक्षक वन्स मोअर मागायचा. कथानक पातळ आहे म्हणून त्याने गाण्याची लाज बाळगली नाही. कुंग-फूपटात पदाची जागा लढतीची आहे, आणि पारख तिथेच व्हायला हवी.

१९७८ साली न्ग सी-युएन यांच्या सीझनल या छोट्या कंपनीने युएन वू-पिंग या फाइट मास्टरला दिग्दर्शनाची पहिली संधी दिली. तोवर फारसं यश न मिळालेला जॅकी चॅन निर्माते लो वेई यांच्याशी कराराने बांधलेला होता. त्याला उसना आणला. त्याच वर्षात 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' असे दोन चित्रपट आले. दारुड्या गुरूचं काम दिग्दर्शकाच्या वडिलांनीच केलं. 'ड्रंकन मास्टर'मधल्या तालमीचा एक प्रसंग पाहा. जॅकी आडव्या दांड्याला पायांनी उलटा लटकलेला आहे. खाली पाण्याच्या बादल्या, वर रिकामं पिंप, हातात चहाच्या पेल्यांएवढ्या वाट्या. लोंबकळत वाट्या बुडवायच्या, पोटाच्या बळावर वर यायचं, पिंपात ओतायचं, पुन्हा खाली. हा माणूस हे खरंच करतोय, एवढं कळायला गोष्ट ठाऊक असावी लागत नाही. हा आनंद कसब पाहण्याचा आहे. कुस्तीच्या फडाभोवती बसलेल्या माणसाला तो चांगला ओळखीचा आहे.

आता पैशांचा प्रश्न. पैसा कमी म्हणून हे कसब उघडं पडलं, असं मला वाटतं. मोठे सेट नाहीत, यंत्रांची करामत नाही. दाखवायला आहे ते माणसाचं अंग. मग कॅमेरा मागे सरकतो, डोक्यापासून पायापर्यंत दोघे फ्रेममध्ये येतात आणि एका शॉटमध्ये वारावर वार होतात. कपड्यांवर भुकटी टाकून ठेवली की ठोसा बसताच धूळ उडते. इतका स्वस्त उपाय. या लढतींची लय क्षणभर स्तब्धता, मग झपाटा, पुन्हा स्तब्धता अशी असते, हे अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी दाखवून दिलं. बीजिंग ऑपेरातही ताशा-झांजांचा कडकडाट थांबतो आणि नट एका पवित्र्यात गोठतो. याउलट २०१४ च्या 'टेकन ३'मध्ये लियाम नीसन जाळीचं एक कुंपण ओलांडतो, तेवढ्यासाठी डझनाहून जास्त तुकडे जोडलेत. पैसा आहे, पण उडी दिसतच नाही.

यावर कुणी म्हणेल, स्वस्त सिनेमे बहुतेक वाईटच असतात. खरं आहे. गॉडफ्री हो यांनी १९८०च्या दशकात दुसऱ्यांच्या चित्रपटांत निंजांचे प्रसंग चिकटवून चित्रपटांची रास लावली. त्यात पाहण्याजोगं फार थोडं आहे. ब्रूस ली १९७३ मध्ये गेला आणि १९७८ मध्ये 'गेम ऑफ डेथ' बदली नटांवर पुरा केला गेला, त्यातल्या एका शॉटमध्ये तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचं कापलेलं चित्र लावलंय. तो शॉट पाहताना वाईट वाटतं. म्हणजे गरिबी आपोआप कला देत नाही. कला देते ती तालीम. तालमीतली माणसं असली की २०११ मध्ये इंडोनेशियातला 'द रेड' सुमारे ११ लाख डॉलरमध्ये, जवळजवळ एका इमारतीत उभा राहतो.

खरी अपराधी भावना वाटायचीच तर ती या तालमीबद्दल वाटावी. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बियाओ ही मुलं यू जिम-युएन यांच्या ऑपेरा शाळेत वाढली. तिथे करार वर्षानुवर्षांचा आणि छडी रोजची. १९८८ च्या 'पेंटेड फेसेस'मध्ये त्या शाळेची कहाणी आहे आणि त्या कडक गुरूची भूमिका शिष्यानेच, सामो हंगने केली आहे. आपल्याला सुखावणारी ती लवचीक पाठ लहान वयात मार खाऊन घडली, हे विसरून टाळ्या वाजवू नयेत. पण त्या मेहनतीला 'टाइमपास' म्हणून हसणं हा तिचा आणखी एक अपमान आहे.

या आठवड्यात 'ड्रंकन मास्टर'ची शेवटची लढत आवाज बंद करून पाहा. समोर ह्वांग जांग-लीच्या लाथा आहेत. एका कटपासून पुढच्या कटपर्यंत किती वार होतात, ते मोजा. पुढच्या भागात, ते वार झेलणाऱ्या स्टंटमन मंडळींबद्दल.