थरथरणारं हृदय आणि पहिली तीन मिनिटं

ठाण्यातल्या कोलशेतच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला घोडबंदर रोड. मधल्या पट्ट्यात जुनं गाव, नवे टॉवर आणि जाळ्या बांधलेली टर्फ. ऑफिस सुटलं की तिथं फ्लडलाइटखाली बॉक्स क्रिकेट रंगतं, ते रात्री उशिरापर्यंत. अशा एखाद्या सामन्यात धाव काढून वळलेला खेळाडू, कोणाचा धक्का लागला नसताना, जागीच कोसळला असं समजा. बघणाऱ्यांना वाटतं की त्याचं हृदय थांबलं. खरं तर त्या क्षणी ते बहुतेक वेळा थांबलेलं नसतं. ते थरथरत असतं.

हृदयाच्या अब्जावधी पेशी एरवी एका लयीत आकसतात. ती लय विस्कटली की प्रत्येक पेशी आपापल्या वेळेला हलू लागते. ढोलपथकातल्या प्रत्येकानं स्वतःचाच ठेका धरावा, तसं. हालचाल भरपूर होते, पण रक्त पुढे ढकललं जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते. अशा वेळी छातीला दिलेला विजेचा झटका हृदयाला सुरू करत नाही, उलट क्षणभर पूर्ण शांत करतो. मग उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या माथ्यावरच्या पेशींचा एक लहानसा पुंजका, जन्माआधीपासून ताल देणारा, पुन्हा स्वतःहून पहिला ठोका देतो. ही गोष्ट कितीदाही वाचली तरी मला थक्क करते.

ही विद्या आली कुठून? विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन शॉक लागून दगावत, म्हणून अमेरिकेत वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कोवेनहोवेन हे विद्युत अभियंते त्यावर काम करत होते. जी वीज हृदयाची लय मोडते, तीच ती परत जुळवू शकते, हे तोवर कळलं होतं. १९५०च्या दशकाअखेरीस त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर याला प्रयोगात एक विलक्षण गोष्ट दिसली. कुत्र्याच्या छातीवर झटक्याची जड उपकरणं नुसती दाबली, तरी वीज सोडण्याआधीच रक्तदाब किंचित वर जात होता. त्या निरीक्षणातून १९६०मध्ये छाती दाबण्याची पद्धत जगापुढे आली. आज आपण तिला सीपीआर म्हणतो.

कोसळण्याची कारणं वयानुसार बदलतात. पस्तिशीपुढच्या खेळाडूंत बहुतेकदा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे कारण ठरतात. तरुणांत आनुवंशिक कारणानं जाड झालेला हृदयस्नायू किंवा विद्युतरचनेतला दोष असू शकतो. क्वचित हृदय अगदी निरोगी असतं आणि चेंडू छातीवर बसतो. दोन ठोक्यांमधल्या सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढ्या नाजूक क्षणी तो मार लागला, तर लय कोलमडू शकते.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपची अंतिम लढत होती. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर यानं मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो पडला, तो उठलाच नाही. वय अवघं २५. धेंपोनं त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला. मैदानाकडेला डॉक्टर, झटक्याचं यंत्र आणि प्रत्येकाची ठरलेली कामं तयार होती. छाती दाबणं लगेच सुरू झालं, एक झटका दिला गेला आणि तो शुद्धीवर आला. पुढच्या वर्षी तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळत होता. दोघांच्या हृदयात नेमकं तेच बिघडलं होतं असं मी म्हणणार नाही. पण तयारी कशी दिसते, ते कोपनहेगननं जगाला दाखवलं.

उपचार न होता जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी करतं. घोडबंदर रोडची संध्याकाळची कोंडी ज्यानं पाहिली आहे, त्याला पुढचा हिशेब सांगायला नको. १०८ला फोन तर लगेच करायचाच, पण पहिली मिनिटं मैदानावरच्या माणसांच्याच हातात असतात. त्यासाठी डॉक्टर असायला हवा का? लास वेगासच्या कॅसिनोंमध्ये साध्या सुरक्षारक्षकांना एईडी हे झटक्याचं यंत्र वापरायला शिकवलं गेलं. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन मिनिटांच्या आत पहिला झटका मिळालेल्यांपैकी ७४ टक्के लोक वाचले होते. यंत्र बोलून सूचना देतं, लय स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. आपल्या टर्फचा वॉचमन हे नक्की शिकू शकतो.

पण आधी ओळख पटायला हवी. कोसळलेल्या माणसाच्या अंगाला कधीकधी झटके येतात, तो मधूनच घशातून आचका दिल्यासारखा श्वास घेतो. लोकांना ती फिट वाटते, कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल शोधतं, कोणी पाणी पाजू पाहतं. हाक मारूनही प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. छाती घामानं किंवा पावसानं ओली असेल तर यंत्राचे पॅड लावण्याआधी पुसायची.

बाकीचं नाणेफेकीच्या वेळीच ठरवता येतं: दाबणार कोण, फोन करणार कोण, नाक्यावर उभं राहून अ‍ॅम्ब्युलन्सला आत आणणार कोण, गाडी कोणत्या गेटनं येणार. मग एकदा स्टॉपवॉच लावून खोटा खेळाडू पाडून बघा. यंत्र असेल तर ते तीन मिनिटांत छातीपर्यंत पोहोचतं का, ते मोजा. उशीर झाला तर तो कुलूपबंद कपाटापाशी झाला, चावी घरी घेऊन गेलेल्या माणसापाशी झाला की गेटबाहेर आडव्या लावलेल्या बाइकपाशी, हे लिहून ठेवा आणि पुढच्या सामन्याआधी तेवढं बदला.