हरवलेली रिळं (भाग १४) : डावीकडची पट्टी

आज मूकपटाच्या वेगाबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. सौंसरच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न आधी घ्यायलाच हवा असा आहे.

ते शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला आले होते, मंदिराबाहेर भेट झाली. मागच्या भागात वाचून त्यांनी 'अ पेज ऑफ मॅडनेस' हा जपानी मूकपट घरी मिळवून पाहिला. म्हणाले, "सर, त्यात माणसं सारखी डाव्या कडेला चिकटून उभी दिसतात आणि उजवीकडे जागा मोकळी राहते. मनाचा तोल गेलेला दाखवायला दिग्दर्शकानं चौकटच कलती ठेवली का?"

इतक्या बारकाईनं पाहणारा वाचक लाभणं ही मोठी गोष्ट आहे. त्यांचा तर्कही रास्त आहे. वेड्यांच्या इस्पितळातली ही गोष्ट. बायको आत कोंडलेली, आणि तिच्याजवळ राहता यावं म्हणून खलाशी नवरा तिथेच झाडूवाला होऊन राहिलेला. अशा चित्रपटात काहीही वाकडं दिसलं की ते मुद्दाम केलेलं असणार असंच वाटतं. पण ही विशिष्ट गोष्ट दिग्दर्शक तेइनोसुके किनुगासांनी १९२६ मध्ये केलेली नाही. ती चित्रपटाला जवळजवळ पन्नास वर्षांनंतर चिकटली.

मूकपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर दोन्हीकडच्या छिद्रांच्या मधली सगळी जागा चित्राची असे. चौकट सुमारे २४ मिलिमीटर रुंद आणि १८ उंच. बोलपट आला तेव्हा आवाजाची पट्टी फिल्मवरच छापावी लागली. तिच्यासाठी जागा काढली ती चित्रातून, आणि पडद्यावर पाहताना ती डावीकडची. अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रुंदीचा दहावा हिस्सा. बोलपटाच्या कॅमेऱ्याला हे ठाऊक असतं, तो त्या बेतानंच चौकट मांडतो. पण जुन्या मूकपटावर नंतर संगीत चढवलं आणि ती प्रत छपाईयंत्राच्या बोलपटी मापाच्या खिडकीतून छापली, तर डावा काठ कायमचा कापला जातो. मध्यावर उभा असलेला माणूस डावीकडे सरकलेला दिसतो आणि डावीकडे उभा असलेला अर्धा होतो. जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. त्याचा फोटो आखूड चौकटीत बसवायचा म्हणून कुणी एक बाजू छाटली, तर पाहणाऱ्याला मूर्ती घडवणाराच चुकला असं वाटेल. तसंच हे.

किनुगासांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. हा चित्रपट पंचेचाळीस वर्षं हरवला आहे असंच सगळे धरून चालले होते. १९७१ मध्ये तो खुद्द किनुगासांनाच त्यांच्या कोठारात सापडला. त्यांनी त्याला नवं संगीत जोडलं आणि पुन्हा लोकांपुढे आणला. जग त्याला ओळखायला लागलं ते या प्रतीमुळेच. घरी पाहायला मिळणाऱ्या पुष्कळ प्रतींचं मूळही याच आवृत्तीत आहे. आवाजाची पट्टी आली आणि डावा काठ गेला. शिवाय आरन जेरो या अभ्यासकानं या एकाच चित्रपटावर पुस्तक लिहिलं आहे, त्यातून कळतं की १९२६ च्या प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट आज उरलेल्यापेक्षा लांब होता.

मूकपटाचा काठ कापला आहे का, हे घरबसल्या ओळखायची एक सोपी खूण आहे. प्रसंगांच्या मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या पाहा. पाटीवरचा मजकूर चौकटीच्या मधोमध लिहिलेला असतो. तो डावीकडे सरकलेला आणि उजवीकडे मोकळी जागा जास्त दिसली, की समजायचं डावा काठ गेला. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) किंवा कुठलाही मूकपट बघताना ही सवय लावून घ्या. पण किनुगासांच्या चित्रपटात पाट्याच नाहीत! संवाद नाही, खुलासा नाही, चित्रांनीच सगळं सांगायचं हा हट्ट. टोकियोत तो दाखवला तेव्हा मुसेइ तोकुगावा हे नामांकित बेन्शी, म्हणजे पडद्याशेजारी राहून कथन करणारे कलावंत, सोबतीला होते. फिल्मवर मात्र एक अक्षर नाही. त्यामुळे आपली सगळ्यात भरवशाची खूणच इथे निकामी ठरते.

प्रायोगिक चित्रपटाची डागडुजी इतर चित्रपटांहून अवघड का, ते इथे दिसतं. 'संत तुकाराम'च्या प्रतीवर उभा ओरखडा आला तर तो ओरखडाच असतो, दामले-फत्तेलालांनी तो काढलेला नाही हे कुणालाही कळतं. 'अ पेज ऑफ मॅडनेस' सुरू होतो तोच वादळी पावसानं. पाण्याच्या धारा, विजा, झपाट्यानं बदलणारे तुकडे, एकावर एक छापलेली चित्रं, पुढे कोठड्यांचे उभे गज. आता धूळ आणि डाग पुसणारी संगणकप्रणाली कशी चालते ते पाहा. एका चौकटीत जे आहे आणि आधीच्या-नंतरच्या चौकटीत नाही, ते घाण समजून ती पुसते आणि शेजारच्या चौकटीतला तुकडा तिथे भरते. पावसाचा थेंब तरी याहून वेगळं काय करतो? एका चौकटीत दिसतो, पुढच्या चौकटीत नसतो. यंत्रावर सोडून दिलं तर ते पाऊसच धुऊन काढेल. म्हणून असं काम हातानं, चौकटीमागून चौकट करावं लागतं, आणि करणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की समोरची रेघ काळानं ओढली की कोहेई सुगियामा यांच्या कॅमेऱ्यानं टिपली.

काठाच्या बाबतीत तर हातही चालत नाही. धूळ काढता येते, थरथर थांबवता येते, उजेड सारखा करता येतो. छापलाच न गेलेला काठ कुठून आणणार? त्यासाठी निगेटिव्ह हवी, नाहीतर पूर्ण खिडकीतून छापलेली मूक प्रत हवी. म्हणून नवी डिस्क निघाली की मी 'फोर-के' वगैरे शब्दांकडे नंतर पाहतो. कुठल्या मूळ प्रतीवरून केली आहे, हे आधी वाचतो. काठ शाबूत असलेली धुळकट प्रत मला चकचकीत पण छाटलेल्या प्रतीपेक्षा केव्हाही जवळची.

यावर कुणी म्हणेल, संगीत तर खुद्द किनुगासांनीच जोडलं, म्हणजे छाटलेली चौकट त्यांना मान्य होती. मला हे पटत नाही. तरुणपणी रंगमंचावर आणि पडद्यावर स्त्रीभूमिका करणाऱ्या, आपल्याकडच्या बालगंधर्वांच्या पंगतीत शोभेल अशा या नटानं तिशीत, कावाबातांसारख्या लेखकांना सोबत घेऊन मांडलेली चौकट ही एक गोष्ट. म्हातारपणी, हरवलेला चित्रपट लोकांनी पाहावा म्हणून केलेली तडजोड ही दुसरी. डागडुजी पहिलीची व्हायला हवी.

निरोप घेताना शिक्षकांनी विचारलं, मराठीत असा प्रायोगिक चित्रपट आहे का? आहे. १९७६ चा 'घाशीराम कोतवाल'. तेंडुलकरांच्या नाटकावरून, त्यांच्याच पटकथेवर. के. हरिहरन, मणि कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी 'युक्त' या सहकारी गटातून केलेला. मोहन आगाशे नाना फडणवीस, ओम पुरी घाशीराम. लांबच लांब शॉट, माणसांच्या घोळक्यांमधून फिरणारा कॅमेरा. आपल्याकडे तो वर्षानुवर्षं पाहायला मिळत नव्हता. प्रत टिकली ती बर्लिनच्या 'आर्सेनाल' संस्थेच्या संग्रहात. तिच्यावरूनच डिजिटल रूप झालं आणि डीव्हीडी निघाली. नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत आणि हाच पडदा असते. अशा रांगेतला कडेचा एक माणूस छाटला तर भिंतीला भगदाड पडतं. म्हणून हा चित्रपट बघतानाही नजर काठांवर ठेवा. मणि कौल २०११ मध्ये गेले, पण हा चित्रपट करणाऱ्या इतरांना अमुक सावली हवी होती की नको, हे विचारायची सोय आपल्या पिढीला आहे. किनुगासा १९८२ मध्येच गेले. बाबुराव पेंटरांच्या १९२५ च्या मूक 'सावकारी पाश'ची तर प्रतच उरली नाही, तिथे काठाचा प्रश्न कुठला!

शिक्षकांचा आणखी एक प्रश्न राहिला. 'अ पेज ऑफ मॅडनेस' एका प्रतीत तासाभराचा, दुसरीत बराच लांब, मग लहान प्रतीतून काय कापलं? काहीच कापलेलं नसू शकतं. सेकंदाला २४ चौकटींनी तासात संपणारी फिल्म १८ चौकटींनी चालवली की ८० मिनिटं घेते. यातला कुठला वेग खरा, आणि तो ठरवायचा कसा, हे पुढच्या आठवड्यात.