‘पेट्रिशियन’ म्हणजे कोण?

रोमचा इतिहास वाचतांना ‘पेट्रिशियन’ हा शब्द पदोपदीं भेटतो. ‘उमराव’ असा प्रतिशब्द देऊन आपण पुढें जातों. परंतु शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास त्यांत ना अमीरी आढळते, ना संपत्ति. आढळतो तो केवळ बाप.

लॅटिन भाषेंत बापास ‘पातेर’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘पितृ’ शब्दाचा सख्खा भाऊ होय. त्याचें अनेकवचन ‘पात्रेस’, आणि रोमच्या सेनेटच्या सभासदांस हेंच नांव होतें. रोम्युलस राजानें शंभर पुरुष निवडून सेनेट स्थापिली, त्यांस ‘पात्रेस’ म्हणूं लागले व त्यांचे वंशज ते ‘पेट्रिशियन’, असें इतिहासकार लिव्ही सांगतो. रोम्युलसची कथा दंतकथा म्हणून सोडून दिली, तरी ‘पितरांच्या कुळांतला’ हा अर्थ उरतोच.

या कुळांनीं राज्याधिकार व पौरोहित्य आपल्याच हातीं ठेविलें. इतर प्रजा ती ‘प्लेबियन’. इ. स. पू. ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पट्टां’च्या कायद्यानें उभयतांतील विवाहहि निषिद्ध ठरला. तो निर्बंध इ. स. पू. ४४५ मध्यें उठला; इ. स. पू. ३६७ च्या कायद्यानें कॉन्सलचें पद प्लेबियनांस खुलें झालें. राहिलें पौरोहित्य.

इ. स. पू. ३०० मध्यें तेंहि खुलें करण्याचा ठराव आला, तेव्हां मोठा वाद माजला. त्या प्रसंगीं डेशियस म्यूस या प्लेबियन पुढाऱ्यानें या शब्दाचाच आधार घेतला, असें लिव्ही लिहितो. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा: पेट्रिशियन कांहीं स्वर्गांतून उतरले नाहींत, ज्यास आपल्या बापाचें नांव सांगतां येतें तो पेट्रिशियन, एवढाच मूळ अर्थ, आणि आपला बाप तर कॉन्सल होता! डेशियसची ही व्युत्पत्ति भाषाशास्त्रास मान्य नाहीं; परंतु त्याच्या मुद्द्यास उत्तर देणेंहि सोपें नव्हतें. ठराव मंजूर झाला.

पुढें चौथ्या शतकांत सम्राट कॉन्स्टंटाइन यानें ‘पेट्रिशियन’ ही व्यक्तीस द्यावयाची बहुमानाची पदवी केली. ती बापाकडून मुलास मिळत नसे. बापाच्या नांवानें जन्मलेला शब्द अखेर ज्याच्या त्याच्या योग्यतेवर येऊन ठेपला! कुलाभिमान बाळगणाऱ्या आम्हां सर्वांस यांत विचार करण्याजोगें पुष्कळ आहे.