हृद्रोग चिकित्सा : आधी मर्मरक्षण, मग अर्जुन

आयुर्वेदाने हृदय, बस्ती आणि शिर ही तीन प्रधान मर्मे मानली आहेत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील सव्विसावा अध्याय आणि सिद्धिस्थानातील नववा अध्याय या त्रिमर्मांसाठीच योजिला आहे. सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदय हे ओजाचे स्थान आणि दश महामूल सिरांचे मूळ म्हणून वर्णिले आहे. मर्माचे रक्षण प्रथम आणि व्याधीची चिकित्सा त्यानंतर, हा या साऱ्या विवेचनाचा गाभा होय. आजच्या व्यवहारात या सूत्राचे पालन कसे व्हावे, याविषयी मुळशी तालुक्यातील आमच्या चिकित्सानुभवाच्या आधारे काही विचार वैद्यवर्गापुढे आणि औषधी विक्रेत्यांपुढे ठेवीत आहोत.

बदललेला रुग्ण, न बदललेले निदान

मुळशी तालुक्यात आज दोन भिन्न जीवनपद्धती शेजारी शेजारी नांदत आहेत. पूर्वेस हिंजवडी-माण परिसरात संगणक क्षेत्रातील कंपन्या आणि पिरंगुट परिसरात कारखाने उभे राहिले; पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूला अतिवृष्टीच्या प्रदेशात अद्याप भातशेती चालते. चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. वातज हृद्रोगाची कारणे म्हणून शोक, उपवास, अतिव्यायाम आणि रूक्ष, शुष्क व अल्प भोजन यांचा निर्देश येतो. तर कफज हृद्रोगास अतिभोजन, गुरु-स्निग्ध आहार, अचिंतन, अचेष्टा व निद्रासुख कारणीभूत मानले आहे. चिकित्सास्थानात चिंता, भय आणि वेगसंधारण यांचीही भर पडते.

आजच्या रुग्णात ही कारणे एकमेकांत मिसळलेली दिसतात. संगणकासमोर दहा तास बसणाऱ्या तरुणाच्या ठिकाणी चिंता आहे, पण चेष्टा नाही. जमीन विकून मोटारसायकलवर फिरू लागलेल्या शेतकऱ्याची अंगमेहनत सुटली, परंतु मेहनतीच्या काळातील आहाराचे प्रमाण मात्र कायम राहिले. केवळ प्रकृतिपरीक्षण करून थांबणाऱ्या वैद्याच्या दृष्टीतून हा संकर सुटतो. म्हणून प्रत्येक रुग्णाकडून दिनचर्या, निद्रा आणि व्यसन यांचा तपशील विचारून घ्यावा. स्त्रीरुग्णांना मिश्रीविषयी आवर्जून विचारावे. मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. परंतु 'तंबाखू खाता का?' या प्रश्नास त्या प्रामाणिकपणे नकारार्थी उत्तर देतात.

'गॅस' की हृच्छूल?

सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या बेचाळिसाव्या अध्यायात हृच्छूलाचे वर्णन केले आहे. कफ व पित्त यांनी अवरुद्ध झालेला वायू रसासह हृदयाच्या ठिकाणी शूल उत्पन्न करतो आणि श्वासास अडथळा आणतो, असा त्याचा आशय आहे. वातज हृद्रोगात ओढल्यासारखी, टोचल्यासारखी, घुसळल्यासारखी, फाटल्यासारखी वेदना होते, हेही त्यांनी नोंदविले. रुग्ण मात्र हे शब्द वापरीत नाही. तो म्हणतो, 'छातीत गॅस धरलाय.' येथेच वैद्याची खरी परीक्षा असते.

भात लावणीच्या दिवसांत ताम्हिणीकडील एका वाडीवरून पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आमच्याकडे आला. दोन दिवसांपासून चढण चढताना छाती भरून येत होती, डावा खांदा दुखत होता आणि थांबल्यावर बरे वाटत होते. त्या दोन दिवसांत त्याने दुकानातून आणलेले लवणभास्कर चूर्ण घेतले होते. श्रमाने वाढणारी आणि विश्रांतीने शमणारी ही वेदना अन्नवह स्रोतसाची नव्हे, हे लक्षणांवरूनच स्पष्ट होते. हृदयालेख काढून आम्ही त्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून पुण्यास पाठविले. तेथे रक्तवाहिनीतील अवरोध दूर करण्यात आला. त्याची आयुर्वेदीय चिकित्सा त्यानंतर, हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीने सुरू झाली.

पौडपासून पुणे शहर सुमारे ३० किलोमीटर आहे आणि ताम्हिणीकडील वाड्यांपासून हे अंतर जवळजवळ दुप्पट भरते. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडल्यावर प्रत्येक मिनिटागणिक मांसपेशी मरत जाते. पहिल्या काही तासांत प्रवाह पुन्हा सुरू झाला तरच तिचा मोठा भाग वाचतो. अशा वेळी काढा उकळत बसणे म्हणजे मर्माची उपेक्षा करणे होय. छातीत दाब येणे, वेदना हात, जबडा वा पाठीकडे जाणे, थंड घाम सुटणे, अकस्मात धाप लागणे किंवा मूर्च्छा येणे यांपैकी काहीही असल्यास प्रथम १०८ ला दूरध्वनी करावा. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात वेदना अल्प असून केवळ धाप, मळमळ वा थकवा असू शकतो, हे ध्यानी ठेवावे. औषधी दुकानदारांनीही छातीतील त्रासावर वारंवार पाचक चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास एक प्रश्न विचारावा : 'चालताना वाढतं का?' या एका प्रश्नाने जीव वाचू शकतो.

अर्जुन : साल नेमकी कोणाची?

तातडीची अवस्था टळल्यावर अर्जुनाचे स्थान येते. चरकांच्या हृद्य दशेमानीत अर्जुन नाही. तेथे आम्र, दाडिम, मातुलुंग, करमर्द अशी दहा अम्ल फळे आहेत. आपल्या डोंगरउतारांवरील करवंद त्यांतलेच. अर्जुनाची हृद्रोगातील ख्याती पुढील काळातील असून चक्रदत्ताने त्याचे घृत व क्षीरपाक वर्णिले आहेत.

परंतु बाजारात मिळणारी साल अर्जुनाचीच असते काय? आपल्याकडे ऐन आणि अर्जुन हे एकाच कुळातील वृक्ष असून दोहोंनाही ठिकठिकाणी 'सादडा' म्हणतात. ऐन डोंगरावर विपुल, तर अर्जुन प्रायः ओढ्या-नद्यांच्या काठी. 'सादड्याची साल आणा' असे सांगितल्यावर गोळा करणाऱ्याने सोपी वाट धरली, तर त्यास दोष कसा द्यावा? ओळख सोपी आहे. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत, फिकट राखाडी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. आतील बाजू गुलाबीसर आणि चव तुरट-कडवट असते. ऐनाची साल काळपट, खोल भेगांची, मगरीच्या पाठीसारखी दिसते. चूर्ण झाल्यावर ही ओळख पुसली जाते, म्हणून औषधनिर्मात्यांनी अखंड साल खरेदी करून आपल्यासमोर कुटावी. झाडाच्या खोडावरील साल कधीही पूर्ण वलयाकार काढू देऊ नये. तसे केल्यास वृक्ष मरतो.

क्षीरपाकासाठी अर्जुन त्वक् १ भाग, दूध ८ भाग व जल ३२ भाग घेऊन केवळ दूध उरेपर्यंत आटवावे. १० ग्रॅम भरड असल्यास दूध ८० मिलिलिटर व पाणी ३२० मिलिलिटर होते. अर्जुनारिष्टाविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. पारंपरिक पाठात अर्जुन त्वक् १०० पल आणि गूळही १०० पल आहे. शिवाय मनुका व मोहाची फुले आहेतच. म्हणून मधुमेही हृद्रोग्यास अरिष्टाऐवजी चूर्ण वा क्वाथ द्यावा.

पुरावा आणि प्रामाणिकता

१९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. पुढे तिच्यातील रिसर्पिनमुळे येणारे मानसिक अवसादही नोंदविले गेले. गुण आणि दोष दोन्ही मोजले, म्हणून तिचे स्थान निश्चित झाले.

अर्जुनाच्या बाबतीतही हेच घडावे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५८ पुरुष रुग्णांवरील अभ्यासात स्थिर हृच्छूलात अर्जुनाच्या घनसत्त्वाने लाभ दिसला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीर्ण हृदयदौर्बल्याच्या १०० रुग्णांवरील चाचणीत मात्र १२ आठवड्यांनंतर हृदयाच्या आकुंचनक्षमतेत सुधारणा आढळली नाही. काही रुग्णांची कार्यक्षमता व लक्षणे तेवढी सुधारली. दोन्ही निष्कर्ष रुग्णास सांगता आले पाहिजेत. अर्जुन हे साहाय्यक औषध आहे, अवरोध काढणारे शस्त्र नव्हे, असे सांगणारा वैद्य रुग्णाचा विश्वास गमावत नाही, उलट तो टिकवितो.

सुरू असलेली औषधे आणि आपली औषधे

हृद्रोगी आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याच्या पिशवीत चार-पाच गोळ्या असतातच. त्या सर्व पाहून, नावे लिहून घेऊनच योजना करावी. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषध वा डिगॉक्सिन चालू असल्यास हे घातक ठरते. १९९४ च्या एका अभ्यासात गुग्गुळाच्या सत्त्वामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील उपलब्धता घटल्याचे आढळले. सैंधवयुक्त चूर्णे हृदयदौर्बल्यात व रक्तदाबात टाळावीत. हृद्रोगी अवाम्यांत गणला आहे आणि तरीही कफज हृद्रोगात वमन सांगितले आहे. हा विरोध बलाबल पाहूनच सुटतो, म्हणून दुर्बल हृदयावर शोधनाचे धाडस करू नये. रक्त पातळ करणाऱ्या किंवा अन्य गोळ्या बंद करण्याचा सल्ला त्या देणाऱ्या तज्ज्ञाशिवाय कोणीही देऊ नये.

पथ्यात हातसडीचा तांदूळ, नाचणी, मूग व भाज्या असाव्यात. पापड, लोणचे, सुकी मासळी व तळलेले पदार्थ कमी करावेत. तज्ज्ञांच्या अनुमतीनंतर व्यायाम सुश्रुतोक्त अर्धशक्तीच्या मर्यादेत असावा. तोंडाने श्वास घ्यावा लागताच थांबावे.

कर्तव्य

प्रत्येक चिकित्सालयात रक्तदाबमापक असावा, शक्य तेथे हृदयालेखाची सोय व्हावी आणि नजीकच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. औषधी विक्रेत्यांनी सालीची पारख स्वतः करावी. ही तयारी झाल्यावर दिलेले अर्जुनाचे दूध हे शास्त्राचे औषध ठरेल. तिच्यावाचून तेच दूध विलंबाचे निमित्त होईल. हृदय हे मर्म आहे, ही आचार्यांची शिकवण आपण आचरणात आणू या.